नागपुरातून विधानसभेचा अर्ज भरताना: तिकिटाची वाट पाहण्याआधी करून ठेवायची कामं

२९ ऑक्टोबर २०२४, मंगळवार, धनत्रयोदशी. विधानसभेचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. माजी मंत्री अनीस अहमद यांनी आदल्याच दिवशी काँग्रेस सोडून वंचित बहुजन आघाडीकडून नागपूर मध्यची उमेदवारी घेतली होती. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात ते पोहोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. उशीर मिनिटांचाच होता, पण अर्ज घेतला गेला नाही. त्यांनी तिथेच ठिय्या दिला, तरी उपयोग झाला नाही. राजकारणात हयात गेलेल्या माणसाची ही गत, तर पहिल्यांदा उभं राहणाऱ्याने किती जपायला हवं!

इथे जे लिहिलंय ते फक्त विधानसभेसाठी आहे. नागपूर जिल्ह्यात बारा मतदारसंघ आहेत: काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी, रामटेक आणि शहरातले सहा, म्हणजे दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम आणि उत्तर. त्यातले उमरेड आणि नागपूर उत्तर अनुसूचित जातींसाठी राखीव. ही निवडणूक भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिका आणि जिल्हा परिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि तिथले नियम वेगळे. नगरसेवकाला वयाची एकवीस वर्षं पुरतात, पण १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं असेल तर तो बाद. विधानसभेला पंचवीस वर्षं लागतात आणि अपत्यांची अट नाही. त्यामुळे ओळखीतल्या नगरसेवकाची जुनी फाइल आणून तिच्यावरून अर्ज उतरवायला घेऊ नका. वॉर्डातले अर्धे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

आधी कॅलेंडर समजून घ्या

अधिसूचना निघाल्यापासून सातव्या दिवशी अर्जाची मुदत संपते. दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत. यापैकी कुठल्या दिवशी सुट्टी आली तर तारीख पुढे सरकते. २०२४ मध्ये २२ ऑक्टोबरला अधिसूचना, २९ ला शेवटचा दिवस, ३० ला छाननी आणि दिवाळीमुळे माघार थेट ४ नोव्हेंबरपर्यंत, असा क्रम होता. मतदान २० ला आणि निकाल २३ नोव्हेंबरला.

कागदावर सात दिवस दिसतात, पण सार्वजनिक सुट्टीला अर्ज घेत नाहीत आणि रोजची वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीन एवढीच. पक्षाची यादी बहुतेक वेळा शेवटच्या दोन-तीन दिवसांत येते. यादी आल्यावर कागद गोळा करायला निघालेला माणूस बँक, नोटरी, मतदार यादीचं कार्यालय आणि फोटो स्टुडिओ अशा चार ठिकाणी एकाच दिवशी धावतो. म्हणून तिकिटाशी संबंध नसलेलं प्रत्येक काम तिकिटाच्या आधी उरकायचं. तिकीट नाही मिळालं तर फार तर नोटरीचे पैसे जातील.

तुम्ही उभे राहू शकता का?

वय छाननीच्या तारखेला पंचवीस पूर्ण हवं. नाव महाराष्ट्रातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत चालतं. काटोलचा मतदार नागपूर पश्चिममधून उभा राहू शकतो, फक्त त्याला स्वतःच्या नावाचा मतदार यादीतला प्रमाणित उतारा जोडावा लागतो. जिथून उभे आहात तिथलेच मतदार असाल तर भाग क्रमांक आणि अनुक्रमांक अचूक लिहिला की झालं.

यादीत नाव आहेच, असं गृहीत धरू नका. महालातला वाडा सोडून बेसा किंवा मनीषनगरात फ्लॅट घेतलेली किती तरी माणसं आहेत ज्यांचं नाव जुन्या बूथवरून उडालं आणि नव्या ठिकाणी चढलंच नाही. नवीन नोंदणीला नमुना ६, पत्ता बदलायला नमुना ८. अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवं नाव चढत नाही, आणि हरकतींसाठी आठवडा जातो हे धरून चाला.

राखीव मतदारसंघात जात प्रमाणपत्र लागतं. ते फाइलमध्ये आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, त्यावर कुठे तक्रार किंवा प्रकरण चालू आहे का तेही बघा. मार्च २०२४ मध्ये रामटेक लोकसभेच्या काँग्रेस उमेदवार रश्मी बर्वे यांचं जात वैधता प्रमाणपत्र पडताळणी समितीने नेमकं छाननीच्या दिवशी, २८ मार्चला रद्द केलं आणि त्यांचा अर्ज बाद झाला. पुढे सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समितीचा आदेश रद्द केला, पण तोवर निवडणूक होऊन गेली होती. काँग्रेसची जागा वाचली, कारण त्यांचे पती श्यामकुमार बर्वे यांचा पर्यायी उमेदवार म्हणून अर्ज आधीच दाखल होता. तेच लढले आणि खासदार झाले. आपल्याकडे डमी अर्जाची चेष्टा होते, ती करणाऱ्याला रामटेकची आठवण द्यावी.

शिक्षेचा प्रश्न आणखी कडक आहे. कुठल्याही गुन्ह्यात दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली तर शिक्षेच्या दिवसापासून अपात्रता लागते आणि सुटकेनंतरही सहा वर्षं राहते. नुसतं अपील दाखल करून ती टळत नाही, दोषसिद्धीलाच वरच्या न्यायालयाची स्थगिती लागते. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या प्रकरणात २२ डिसेंबर २०२३ रोजी सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली, आमदारकी गेली, आणि २०२४ मध्ये सावनेरमधून त्यांच्या पत्नी अनुजा केदार उभ्या राहिल्या. नुसती केस चालू असेल, अगदी आरोपपत्र दाखल असेल, तरी उमेदवारीला अडचण नाही. फक्त ती लपवायची नाही.

सरकारी नोकरीत असाल तर राजीनामा देऊन भागत नाही, तो मंजूर झालेला हवा. राज्य सरकारशी माल पुरवठ्याचं किंवा बांधकामाचं कंत्राट चालू असेल तरी अपात्रता येते. भ्रष्टाचार किंवा शासनाशी बेइमानीच्या कारणावरून बडतर्फ झालेल्याला पाच वर्षं बंदी. बडतर्फी दुसऱ्या कारणासाठी असेल तर तसं निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र अर्जासोबत लागतं. आणि मागच्या निवडणुकीचा खर्चाचा हिशेब न दिल्यामुळे आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलेलं असेल, तर तेही आधीच तपासा. हरलेले उमेदवार हे विसरतात.

पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र लागतं का, असं हमखास विचारलं जातं. लागत नाही.

शपथपत्र: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

अर्ज म्हणजे नमुना २-ब. तो चार-पाच पानांचा, भरायला सोपा. खरी कसोटी नमुना २६ च्या शपथपत्राची. त्यात उमेदवार, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबून असलेल्या प्रत्येकाचे स्वतंत्र रकाने असतात. पॅन क्रमांक, मागच्या पाच विवरणपत्रांत दाखवलेलं उत्पन्न, चालू आणि निकाली फौजदारी प्रकरणं, जंगम मालमत्ता, स्थावर मालमत्ता, कर्जं, सरकारी देणी, व्यवसाय, उत्पन्नाचे स्रोत, शिक्षण, फोन, ईमेल आणि समाजमाध्यमांवरची खाती, हे सगळं त्यात येतं.

पहिला नियम: एकही रकाना कोरा सोडायचा नाही. दाखवण्यासारखं काही नसेल तर 'निरंक', रकाना तुमच्यासाठी नसेलच तर 'लागू नाही'. आडवी रेघ मारून पुढे जाणं म्हणजे कोराच सोडणं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'रिसर्जन्स इंडिया' प्रकरणात सांगितलं की कोरे रकाने भरून देण्याची आठवण करून दिल्यावरही उमेदवाराने दुर्लक्ष केलं तर अर्ज फेटाळता येतो. प्रत्येक पानावर तुमची सही आणि नोटरीचा शिक्का हवा. हा नमुना मधल्या काळात बदललाय, विशेषतः पाच वर्षांचं उत्पन्न आणि परदेशातली मालमत्ता हे भाग नंतर आले. त्यामुळे २०१४ ची प्रत समोर ठेवून टाइप केलेलं शपथपत्र आजच्या छाननीत अडकणारच. कोरा नमुना त्याच निवडणुकीचा, निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून किंवा आयोगाच्या संकेतस्थळावरून घ्या. मुद्रांक कितीचा लागेल तेही तिथेच विचारा. सिव्हिल लाइन्समध्ये न्यायमंदिराच्या आसपास नोटरी आणि टायपिस्ट भरपूर आहेत, पण शेवटच्या दोन दिवसांत तिथे सगळ्या पक्षांची एकच गर्दी असते.

फौजदारी प्रकरणांचा रकाना भरताना स्मरणशक्तीवर विसंबू नका. नागपुरात राजकारण करणाऱ्या माणसावर एखादी तरी आंदोलनाची केस असतेच. हिवाळी अधिवेशनात मोर्चा काढला, मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर अडवलं, ठाण्यात नेऊन संध्याकाळी सोडून दिलं. माणूस घरी येऊन विसरतो, पण गुन्हा नोंदवलेला असेल तर कागद जागच्या जागी असतो. ज्या ज्या ठाण्याच्या हद्दीत आंदोलनं केलीत तिथे लेखी विचारा, ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर स्वतःचं नाव शोधा, नावाच्या दोन-तीन स्पेलिंगने शोधा. सापडलेल्या प्रत्येक प्रकरणाचा गुन्हा क्रमांक, ठाणं, न्यायालय, कलमं आणि आरोप निश्चित झालेत की नाही, हे लिहायचं. किरकोळ आहे म्हणून वगळायचं नाही.

वगळल्याचा आरोप झाला तर काय होतं, याचं देशभर गाजलेलं उदाहरण नागपूरचंच आहे. देवेंद्र फडणवीस यांच्या २०१४ च्या नागपूर दक्षिण-पश्चिमच्या शपथपत्रात दोन जुन्या प्रकरणांचा उल्लेख नाही, अशी तक्रार झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, १ ऑक्टोबर २०१९ ला खटला चालवण्याचा मार्ग मोकळा झाला आणि ८ सप्टेंबर २०२३ ला नागपूरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. एका रकान्यापायी नऊ वर्षं. फडणवीसांकडे वकिलांची फौज होती, तुमच्याकडे असेलच असं नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली खोटी माहिती देणं किंवा माहिती लपवणं याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

मालमत्तेत आपल्या शहराची खासियत म्हणजे प्लॉट. दहा वर्षांपूर्वी वर्ध्याच्या रस्त्याला ले-आउटमध्ये घेतलेला, विक्रीपत्र झालं पण आरएल (रिलीज लेटर, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र) आलं नाही, असा. तोही लिहायचा: सर्व्हे किंवा खसरा क्रमांक, क्षेत्रफळ, खरेदीची तारीख आणि किंमत, त्यावर केलेला खर्च, आजचा अंदाजे बाजारभाव. गावाकडची वडिलोपार्जित शेती सातबाऱ्यावर भावांसोबत सामाईक असेल तर तुमचा हिस्सा लिहा. कागदोपत्री वाटणी झाली नाही म्हणून ती शेती तुमची नाही असं होत नाही. सोनं वजनासह आणि किमतीसह. सोसायटीचे शेअर, पतसंस्थेतली ठेव, भाच्याला दिलेलं हातउसनं, जुनी स्कूटर, काही सुटू देऊ नका. बायकोच्या नावचं खातं नवऱ्याला माहीत नसणं किंवा उलट, हा प्रकार याच टप्प्यावर उघडकीला येतो. घरातल्या माणसांना एकदा शांतपणे समोर बसवून यादी करा.

सरकारी देण्यांत मालमत्ता कर आणि पाणीपट्टीची थकबाकीही येते. ती आहे म्हणून अर्ज बाद होत नाही, पण न दाखवल्यास प्रश्न येतो. गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थान वापरलं असेल तर भाडं, वीज, पाणी आणि टेलिफोनची थकबाकी नसल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आमदार निवासात राहिलेल्यांनी आणि निवृत्त अधिकाऱ्यांनी याला सर्वांत आधी हात घालावा, कारण ही प्रमाणपत्रं देणारी कार्यालयं वेगवेगळी असतात आणि त्यांना तुमच्या तीन वाजण्याची फिकीर नसते.

सूचक

सूचक म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो आणि तो अर्जाचा पहिला भाग भरतो. अपक्षाला आणि नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा सूचक लागतात, त्यांच्यासाठी दुसरा भाग. सूचक त्याच मतदारसंघाचा मतदार हवा. शहरातल्या सहा मतदारसंघांच्या सीमा मोहल्ल्यांच्या मधून जातात, त्यामुळे शेजारचा जिवलग मित्र कागदोपत्री दुसऱ्याच मतदारसंघात निघू शकतो. प्रत्येकाचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक यादीतून स्वतः काढा, त्याने सांगितला म्हणून लिहू नका. अंगठा देणारा सूचक असेल तर त्याला निर्णय अधिकाऱ्यांसमोर अंगठा द्यावा लागतो.

सही घरी आणलेल्या कागदावर घ्या, पण माणूस विश्वासातला असू द्या. २०२४ च्या लोकसभेत सुरतमध्ये काँग्रेसचे नीलेश कुंभाणी यांच्या सूचकांनी 'सह्या आमच्या नाहीत' असं सांगितलं, अर्ज बाद झाला आणि पुढे भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. अपक्षाने तर दुसऱ्या संचात, म्हणजे जोडीला भरलेल्या दुसऱ्या अर्जात, वेगळेच दहा सूचक घ्यावेत, म्हणजे एकाची सही किंवा नोंद घोळात आली तरी दुसरा अर्ज उभा राहतो.

पैसा: अनामत आणि बँक खातं

विधानसभेची अनामत १०,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००, सर्वसाधारण जागेवरून लढला तरी. रोख, कोषागारात चलनाने किंवा ऑनलाइन भरता येते. धनादेश चालत नाही. एकाच मतदारसंघात जास्तीत जास्त चार अर्ज भरता येतात आणि त्यांना मिळून अनामत एकदाच लागते. दोनपेक्षा जास्त मतदारसंघांतून लढता येत नाही. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामत जप्त. म्हणजे १,८०,००० वैध मतं पडली तर ३०,००० ला जप्त होईल, ३०,००१ ला वाचेल. अर्ज बाद झाला किंवा मागे घेतला तर पैसे परत मिळतात.

निवडणुकीच्या खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं, आणि ते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी. जुनं बचत खातं चालत नाही. खातं एकट्याच्या नावावर किंवा निवडणूक प्रतिनिधीसोबत संयुक्त असू शकतं, घरच्यांसोबत नको. संपूर्ण निवडणुकीत एका माणसाला किंवा एका दुकानाला रोखीने एकूण १०,००० रुपयांपेक्षा जास्त देता येत नाहीत, त्यापुढे चेक किंवा ऑनलाइन. खर्चाची मर्यादा ४० लाख. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा सगळा खर्च तिच्यात धरतात, म्हणजे अर्ज भरायला जाताना लावलेला डीजे आणि वाटलेले फेटेसुद्धा.

फोटो, नाव, चिन्ह

मतदान यंत्रावर लागणारा फोटो २ × २.५ सेंटिमीटरचा, पार्श्वभूमी पांढरी, चेहरा सरळ समोर, गेल्या तीन महिन्यांतला. टोपी आणि काळा चष्मा टाळायचा असतो. गांधी टोपीशिवाय कधी फोटो न काढलेल्या ज्येष्ठांना हे पटवणं सोपं नसतं. मतपत्रिकेवर नाव कसं हवं ते मराठीत नीट लिहा. लोक ज्या टोपणनावाने ओळखतात ते सोबत जोडता येतं, आणि सारख्या नावाचे दोन-तीन अपक्ष उगवण्याच्या या काळात ते जोडणं शहाणपणाचं.

अपक्षाने मुक्त चिन्हांच्या यादीतून तीन चिन्हं पसंतीक्रमाने लिहायची. चार अर्ज भरले तरी पहिल्या दाखल झालेल्या अर्जातली पसंतीच धरली जाते.

एबी फॉर्म

पक्षाचा नमुना 'अ' म्हणजे सही करण्याचा अधिकार कुणाला आहे ते, आणि नमुना 'ब' म्हणजे उमेदवार कोण आणि पर्यायी कोण ते. दोन्हींवर शाईची मूळ सही हवी, छापील सही किंवा झेरॉक्स चालत नाही. शेवटच्या दिवशी तीनच्या आत ते निर्णय अधिकाऱ्यांकडे पोहोचले पाहिजेत. अर्ज आधी भरला आणि एबी नंतर आणून दिला तरी चालतं, ही सोय वापरा.

पण एक खाच आहे. एकाच सूचकाच्या सहीने पक्षाचा अर्ज भरला आणि एबी आलाच नाही, किंवा मुंबईहून निघताना दुसऱ्याच्या हाती पडला, तर तो अर्ज उभा राहत नाही. लढायचंच ठरलं असेल तर दहा सूचकांचा अपक्ष अर्जही सोबत दाखल करून ठेवा. बंडखोर हेच करतात, निष्ठावंतांनी लाजायचं कारण नाही.

प्रत्यक्ष दाखल करताना

माझा सल्ला सरळ आहे: पहिला संच अधिसूचनेनंतरच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी, गाजावाजा न करता देऊन टाका. मिरवणूक, ढोल-ताशे, गळ्यातले हार हे सगळं दुसऱ्या संचाला ठेवा. मग संविधान चौकात मिरवणूक तासभर अडकली तरी घड्याळाकडे बघत घाम पुसावा लागणार नाही.

आयोगाच्या सुविधा पोर्टलवर अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण त्याची छापील प्रत सह्यांसह नेऊन द्यावीच लागते. अर्ज उमेदवाराने किंवा सूचकाने स्वतः द्यायचा. पुतण्याच्या हाती पाठवलेला किंवा टपालाने आलेला घेत नाहीत. निर्णय अधिकारी किंवा नेमून दिलेले सहायक निर्णय अधिकारी, या दोघांशिवाय कुणाकडे दिला तर तो दाखल झाला असं होत नाही. कार्यालय कुठे आहे ते नोटीस वाचून आधी बघून या. सगळ्या मतदारसंघांचं कामकाज जिल्हाधिकारी कार्यालयातच चालतं असं समजून गाडी सिव्हिल लाइन्सकडे वळवू नका. कार्यालयाच्या १०० मीटरच्या आत तीनच गाड्या, आणि आत उमेदवारासह पाचच माणसं. कोण पाच, ते घरूनच ठरवा. दारात उभं राहून जुन्या कार्यकर्त्याला 'तू बाहेर थांब' म्हणणं पुढे महिनाभर महागात पडतं.

शेवटच्या दिवशी तीन वाजता जे आत हजर असतात त्यांना चिठ्ठ्या देऊन त्यांचे अर्ज घेतात. रस्त्यावर किंवा जिन्याखाली असलेल्याचा विचार होत नाही.

आत तुमच्यासमोर कागदांची तपासणी सूची भरली जाते आणि एक प्रत तुम्हाला मिळते. काय कमी आहे आणि ते कधीपर्यंत आणायचं ते तिच्यावर लिहिलेलं असतं. ती खिशात घालून विसरू नका, तिथेच उभं राहून वाचा. पावती आणि छाननीची वेळ लिहिलेली सूचनाही घ्या.

मग शपथ. संविधानावर निष्ठा ठेवण्याची शपथ किंवा दृढकथन अर्ज दिल्यानंतर घ्यायचं असतं, आणि छाननीचा दिवस उजाडण्याआधी. छाननीच्या सकाळी घेऊ म्हणाल तर उशीर झालेला असतो. अर्ज देऊन खुर्चीवरून उठण्याआधी तिथेच शपथ घ्या आणि तिचं प्रमाणपत्र मागून घ्या. सूचकाने अर्ज दिला असेल तर उमेदवार हे हटकून विसरतो. चार अर्ज असले तरी शपथ एकदाच.

छाननी आणि माघार

छाननी सकाळी अकराला. आत उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि लेखी अधिकार दिलेला आणखी एक माणूस जाऊ शकतो. हा चौथा माणूस वकील असावा. लहानसहान चुकीसाठी अर्ज फेटाळायचा नाही असं कायदा सांगतो. नावातली वेलांटी किंवा अनुक्रमांकातली उघड टंकचूक ही अशी चूक, पण सूचकाची सही नसणं किंवा शपथपत्रच नसणं ही लहान चूक नाही. हरकत आली तर उत्तर द्यायला वेळ मागता येतो, तो मागा. चारपैकी एक अर्ज वैध ठरला तरी तुम्ही रिंगणात.

अर्ज फेटाळला तर निवडणूक चालू असताना न्यायालय मध्ये पडत नाही, हे १९५२ च्या पोन्नुस्वामी निकालापासून पक्कं आहे. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका, एवढाच रस्ता उरतो. म्हणून जे भांडायचं ते छाननीच्या टेबलावर, कागद हातात धरून भांडायचं आणि आदेशाची प्रत घ्यायची.

माघार लेखी, शेवटच्या दिवशी तीनच्या आत, स्वतः किंवा लेखी अधिकार दिलेल्या सूचकामार्फत अथवा निवडणूक प्रतिनिधीमार्फत. एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही, रात्री समर्थकांनी कितीही गळ घातली तरी.

रिंगणात राहिल्यावरची दोन कामं

फौजदारी प्रकरणं असतील तर त्यांची माहिती वृत्तपत्रांत आणि टीव्हीवर तीनदा प्रसिद्ध करावी लागते: माघारीनंतरच्या पहिल्या चार दिवसांत, पाचव्या ते आठव्या दिवसात, आणि नवव्या दिवसापासून प्रचार संपेपर्यंत. जाहिरातीची कात्रणं आणि बिलं जपून ठेवा, तो खर्चही हिशेबात येतो.

खर्चाची नोंदवही रोज लिहायची आणि प्रचारकाळात तीनदा तपासणीला न्यायची. निकालापासून ३० दिवसांत पूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा. जिंकलेल्यानेही, अनामत गेलेल्यानेही. पावत्यांची फाइल देताना शिक्क्यासह पोच घ्या, आणि त्या पोचेची झेरॉक्स पुढच्या निवडणुकीच्या कागदांत आत्ताच लावून ठेवा.